रफ वही हीच खरी वही: प्रयोगशाळेतल्या नोंदी तुम्ही कशा ठेवता?

हळदगंध, सांगली (धागाकर्ती)

सांगलीत अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये मी काम करते. मार्केट यार्डातली हळद, तासगावकडचा बेदाणा, मसाले करणाऱ्या बचत गटांचे नमुने असं आमच्याकडे येत असतं. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना शिकवायचं काम बरंचसं माझ्याकडे आहे. मुलं चांगली असतात. टायट्रेशनचा शेवटचा थेंब बरोबर पकडतात, यंत्राला बिचकत नाहीत. नोंदींचा विषय आला की मात्र जवळपास सगळ्यांची एकच रीत. वजन फिल्टर पेपरच्या कडेला, रीडिंग मोबाईलमध्ये, आणि संध्याकाळी हात धुऊन, निवांत बसून सगळं वहीत फेअर. अक्षर सुरेख, रेघा सरळ. फिल्टर पेपर तोवर कचऱ्यात गेलेला असतो. म्हणजे मूळ नोंद गेली, आणि वहीत उरलं ते संध्याकाळच्या आठवणीतून आलेलं.

ही सवय मुलांनी स्वतः लावून घेतलेली नाही. अकरावीपासून एम.एस्सी.पर्यंत जर्नल म्हणजे डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती आणि निरीक्षणं, उजवीकडे रेघांवर हेतू, साहित्य, कृती. कृती गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेली. निरीक्षणं पुस्तकातल्या उत्तराच्या जवळ जाणारी. रफ वहीला कोणी विचारत नाही, सर्टिफाय झाल्यावर ती रद्दीत जाते. पाच-सात वर्षं हेच केल्यावर नोकरीत आल्याआल्या वेगळं कसं होणार?

आमच्याकडची पद्धत साधी आहे. बांधीव वही, पानांना आधीच नंबर. स्पायरल चालत नाही, कारण त्यातलं पान फाडलं तर कुणाला पत्ता लागत नाही. पहिली काही पानं अनुक्रमणिकेसाठी मोकळी. लिहायचं बॉलपेनने, आणि जिथे काम चाललंय त्याच टेबलावर. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा, सही, तारीख आणि का बदललं ते दोन शब्दांत. व्हाइटनर लॅबमध्ये आणायचंच नाही. पान अर्धं राहिलं तर उरलेल्या जागेवर तिरकी रेघ. तराजूची छापील चिठ्ठी चिकटवली तर सही अर्धी चिठ्ठीवर, अर्धी पानावर येईल अशी करायची. या चिठ्ठ्या थर्मल कागदावर असतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात वर्ष-दोन वर्षांत पुसट होतात, म्हणून मूळ चिठ्ठीसोबत तिची झेरॉक्सही लावायची.

हे नियम आठवड्यात पाठ होतात. खरं अडतं ते काय लिहायचं यावर. हळदीला पिवळा रंग देणारं कुरकुमीनच घ्या. अल्कोहोलमध्ये उकळत ठेवून, वाफ गार करून परत आत सोडत (याला रिफ्लक्स म्हणतात) अर्क काढायचा, पातळ करायचा, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, ४२५ नॅनोमीटरला शोषण बघायचं. जर्नलमध्ये हे चार ओळींत बसतं. पण कुरकुमीन उजेडात टिकत नाही. अर्क खिडकीपाशी राहिला की आकडा उतरतो. अर्क किती वाजता काढला, फ्लास्कला फॉइल होती का, रीडिंग किती वाजता घेतलं, हे वहीत नसेल तर दोन महिन्यांनी व्यापारी दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट घेऊन समोर उभा राहतो तेव्हा आपल्याकडे बोलायला काही नसतं.

नवीन मुलांना मी एक नमुना पान दाखवते. इथेही देते:

पान ४७. हळद पावडर, कुरकुमीन. प्रमाण द्रावण पान ४१ वरचं.
१०.१० पाकीट सीलबंद. पावडर कोरडी, एका कोपऱ्यात गुठळी. गुठळी फोडून सगळं मिसळलं.
१०.२५ वजन ०.१०२४ ग्रॅम, तराजू २, रोजची तपासणी ९.४० ला झालेली, ठीक. (आधी ०.१०४२ लिहिलं, एका रेघेने खोडलं. आकडे उलटे पडले होते, चिठ्ठीप्रमाणे दुरुस्त. सही, तारीख.)
१०.५० इथेनॉलमध्ये रिफ्लक्स सुरू, अडीच तास. इथेनॉलची बाटली नवी, आज फोडली, लॉट नंबर समासात.
१.०५ वीज गेली. १.१७ ला आली. रिफ्लक्स १.३२ पर्यंत वाढवलं.
२.१५ गार झाल्यावर गाळून १०० मिली केलं. त्यातले २ मिली घेऊन २५ मिली. फॉइल गुंडाळली.
२.४० ४२५ नॅमी: ०.३९१, ०.३९३, ०.३९२. ब्लँक ०.०००.
गणित पान ४८.

वीज गेल्याची ओळ बघा. पद्धतीच्या कुठल्याच पुस्तकात ती नसते, आणि फेअर करताना सगळ्यात आधी तीच गळते. उद्या हा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा निघाला तर मी पहिल्यांदा तिथेच बोट ठेवेन.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? कॉलेज, कारखाना, हॉस्पिटल, शेती संशोधन, कुठेही असाल तरी लिहा.

---

अजिंक्यतारा, सातारा

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी पदवीला भौतिकशास्त्र शिकवतो. तुमची तक्रार रास्त आहे, पण आमची बाजूही मांडतो. प्रॅक्टिकलची बॅच मोठी, उपकरणं मोजकी, वेळ ठरावीक. बाहेरून परीक्षक येतात ते जर्नल चाळतात आणि त्यांच्या डोळ्यांत आधी भरतो तो नीटनेटकेपणा. मुलांना गुण कशाला मिळतात ते बरोबर कळतं.

मी माझ्यापुरता एक बदल केला आहे. मुलाने लॅब सोडण्यापूर्वी त्याच्या कच्च्या वाचनांवर माझी सही आणि वेळ. ते पान कसंही असो, शाई सांडलेली असो, जर्नलला तेच पान जोडायचं. गुणांतला एक वाटा त्या पानाला. फरक पडला. पूर्वी दोलकावरून काढलेला 'जी' (गुरुत्वीय त्वरण) सगळ्या बॅचचा ९.८ च्या आसपास यायचा. आता कुणाचा ९.३ येतो, कुणाचा १०.४, आणि मग दोलकाची लांबी लोलकाच्या मध्यापर्यंत मोजली की फक्त दोरा मोजला, यावर वर्गात चर्चा होते. ही चर्चा पूर्वी होतच नव्हती.

मुलांना मी मिलिकनची गोष्ट सांगतो. तेलाच्या थेंबांवरून त्याने इलेक्ट्रॉनचा विद्युतभार काढला, १९२३ चं नोबेल त्याला मिळालं. १९१३ च्या निबंधात त्याने ५८ थेंबांचे आकडे दिले आणि मोजलेले सगळे थेंब हेच, असं लिहिलं. त्याच्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांत त्याहून बरेच जास्त थेंब आहेत. काहींपुढे 'सुंदर, छापावं' अशा अर्थाचे शेरे आहेत. त्याने आकडे लपवले की यंत्र नीट बसण्याआधीचे थेंब योग्य कारणाने वगळले, यावर अभ्यासक अनेक वर्षं वाद घालत आले आहेत. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं, की हा वाद घालता येतो तो वहीमुळे. त्याने नको असलेले थेंब फाडून टाकले असते तर आज कुणाला काही विचारताच आलं नसतं.

---

तिसरंवर्ष_केमिस्ट्री, इस्लामपूर

खूप उपयोगी धागा. एक शंका. आमच्याकडे टायट्रेशनची तीन वाचनं सारखी आली नाहीत तर परत करायला सांगतात. मग पहिली वाचनं लिहायची का? आणि कृती रोज पूर्ण लिहायची का? त्यातच सगळा वेळ जातो.

---

हळदगंध

पहिली वाचनंही लिहायची. सगळी. २४.१, २३.६, २३.६, २३.५ अशी आली तर चारही लिहून पुढे लिही: 'पहिलं सरावाचं, अंदाजासाठी, गणितात धरलं नाही'. वगळणं हा गुन्हा नाही. का वगळलं ते न लिहिता वगळणं वाईट.

कृती रोज उतरवायची गरज नाही. पद्धतीचा क्रमांक आणि आवृत्ती लिहायची आणि आज त्यात काय वेगळं झालं ते लिहायचं. पण पद्धत कोणती हे हवंच. हळदीतला ओलावा साध्या ओव्हनमध्ये वाळवून काढला तर हळदीचं उडणारं तेलही उडतं आणि पाण्यातच धरलं जातं, त्यामुळे आकडा फुगतो. म्हणून मसाल्यांसाठी टोल्युइनसोबत उकळून, पाणी वेगळं जमवून मोजायची पद्धत वापरतात. वहीत नुसतं 'ओलावा ९.५ टक्के' असेल तर तो आकडा कशाशी ताडून बघायचा हेच कळत नाही.

---

गाळप_हंगाम, वाळवा तालुका

मी साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट. आमच्याकडं वही नसते, लॉगशीट असते. तासातासाला रकाने भरायचे. मिक्स्ड ज्यूस, क्लिअर ज्यूस, सिरप, मोलॅसिस, ब्रिक्स (विरघळलेले सगळे घटक), पोल (त्यातली साखर), प्युरिटी (दोन्हींचं प्रमाण). रकाने छापलेले असले की माणसाचा हात ते भरायला शिवशिवतो, हा माझा अनुभव आहे. रात्रीच्या पाळीला दोन तासांचा रकाना मोकळा राहिला तर पहाटे मागचे-पुढचे आकडे बघून तो भरावा असं वाटणं साहजिक आहे. मी माझ्या पोरांना एकच सांगतो, मोकळा रकाना चालंल. त्यात रेघ मारा आणि लिहा 'सॅम्पल पंप बंद, नमुना नाही'. तासाभरानं मॅन्युफॅक्चरिंगवाल्याला त्याच ओळीचा उपयोग होतो. बनवलेल्या आकड्याचा कुणालाच होत नाही.

आणि हे नुसतं लॅबपुरतं नाही. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, साखर उताऱ्यावर ठरते, सध्या १०.२५ टक्के हा मूळ उतारा धरून. उतारा काढायला वजनकाट्याचे आणि आमचे आकडे लागतात. शेतकऱ्याच्या बिलापर्यंत ही साखळी जाते. त्यामुळं ब्रिक्स लिहिताना रसाचं तापमान लिहिलं नाही तर मला चालत नाही. तापमान नसलं की दुरुस्ती करता येत नाही, मग त्या आकड्याला अर्थ काय राहिला?

पाळी बदलताना तोंडी सांगणं मी बंद केलं. 'लेड ॲसिटेट संपत आलंय, पोलारिमीटरची नळी २ चिरलीय, वापरू नका' हे शेऱ्यात लिहूनच सही करून जायचं.

---

टोपलीकारवी, सातारा

बॉलपेनच्या नियमाला माझा विरोध आहे. :)

मी वनस्पतीशास्त्रातली, काम पठारांवर. कासला पावसाळ्यात वही उघडली की पहिल्या पाच मिनिटांत पान ओलं. ओल्या कागदावर बॉलपेन उमटतच नाही. आम्ही पेन्सिलच वापरतो. ग्राफाइट पाण्याने जात नाही, अल्कोहोलनेही जात नाही. नमुना अल्कोहोलच्या बाटलीत ठेवायचा असेल तर आतली चिठ्ठी पेन्सिलीचीच असते. बॉलपेनची शाई पाण्यात टिकते पण इथेनॉलमध्ये विरघळते, हे लॅबवाल्यांनीही लक्षात ठेवावं. खोडरबर मात्र सोबत न्यायचं नाही. चुकलं तर तुमचीच एक रेघ.

आमच्याकडे काय लिहायचं याचं उत्तर हर्बेरियममुळे (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहामुळे) फार स्पष्ट असतं. नमुना दाबून वाळवला की फुलाचा रंग जातो, वास जातो, झाड उभं होतं की पसरलेलं ते कळत नाही, दगडावर होतं की डबक्याच्या काठाला तेही कळत नाही. जे जाणार आहे ते आधी लिहायचं. संकलन क्रमांक, तारीख, जागा, उंची, जीपीएस, सोबत कोणती झाडं होती, कीटक येत होते का.

आणि काही गोष्टींना दुसरी संधी फार उशिरा मिळते. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. त्या हंगामातली नोंद अर्धवट राहिली तर पुढचा बहर येईपर्यंत थांबायचं. मागच्या बहराची वही ज्याने ठेवली तो आज दुसऱ्या गावी असतो, म्हणून वही अशी हवी की त्याला फोन न करता वाचता यावी. 'नेहमीच्या जागी' असं लिहिलेलं मी वाचलं आहे. कुणाची नेहमीची जागा?

---

हळदगंध

टोपलीकारवी, पूर्ण मान्य. पावसात पेन्सिलच. बॉलपेनची सक्ती छताखालच्या लॅबपुरती धरा. आणि अल्कोहोलचं अगदी खरं आहे. आमच्या टेबलावर इथेनॉल, ॲसिटोन दोन्ही असतं, म्हणून वही बाटल्यांच्या उजव्या-डाव्या हाताला न ठेवता वेगळ्या फळीवर ठेवतो. रंगकणांची शाई असलेले जेलपेन मिळतात, ते पाणी आणि अल्कोहोल दोन्हींत चांगले टिकतात. घेताना एका कागदावर रेघ ओढून, वाळल्यावर दोन्हींचा एकेक थेंब टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

पाण्यावरून पुराचा मुद्दा आठवला, आपल्या भागात तो टाळून चालणार नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. तळमजल्यावरची कागदपत्रं किती ठिकाणी गेली ते सांगलीकरांना सांगायला नको. फाउंटन पेनने लिहिलेली पानं निळी होऊन गेली, बॉलपेनची बऱ्याच अंशी वाचता आली. तेव्हापासून आमच्या वह्या वरच्या मजल्यावर असतात आणि दर शनिवारी आठवड्याच्या पानांचे फोटो दुसऱ्या गावातल्या संगणकावर जातात.

भिजलेल्या वहीचं काय करायचं तेही लिहून ठेवते. पानं ओढून सुटी करू नका, फाटतात. उन्हात टाकू नका, कागद आकसतो आणि चिकटतो. टिपकागद घालून पंख्याखाली, वारंवार बदलत. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, तेवढ्यात जमणार नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे ती थांबते, मग सवडीने एकेक काढून वाळवता येते. पुराच्या भागात वीज नसते, तेव्हा मिरजेत किंवा आणखी लांब, ओळखीच्या कुणाचा फ्रीझर आहे हे जूनमध्येच विचारून ठेवलेलं बरं.

---

कोयनाकाठ, कराड

मी पीएच.डी. करते, काम बहुतेक मास स्पेक्ट्रोमीटर आणि संगणकावर. इथे सगळी चर्चा कागदी वहीची चालली आहे, म्हणून लिहिते. माझा एका दिवसाचा डेटा कुठल्याही वहीत चिकटवता येणार नाही. आणि कागदी वहीत शोधता येत नाही. मला 'मिथेनॉलचा दुसरा लॉट कधी सुरू केला' हे हवं असेल तर इलेक्ट्रॉनिक वहीत तीन सेकंद लागतात.

---

हळदगंध

इलेक्ट्रॉनिक वहीला माझा विरोध नाही. फक्त कुणी, कधी, काय बदललं याचा माग तिने स्वतःहून ठेवला पाहिजे, आणि जुनी नोंद पुसता येता कामा नये. साध्या एक्सेलमध्ये तसं होत नाही. आकडा बदलून सेव्ह केलं की आधीचा गेला, खोडलेली रेघही उरत नाही. तुम्ही कशी ठेवता ते सविस्तर लिहाल का?

---

कोयनाकाठ, कराड

यंत्रातून आलेली मूळ फाइल फक्त वाचायलाच उघडेल अशी करून ठेवते, तिला हात लावत नाही. गणित नेहमी प्रतीवर. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. पुढे कागदी वहीचा पान नंबर. 'फायनल', 'फायनल२', 'खरंफायनल' अशी नावं ठेवायची नाहीत, असा आमच्या ग्रुपमध्ये नियमच आहे. प्रोग्रॅम वापरला तर त्याची आवृत्ती लिहायची. त्याच डेटावर नवी आवृत्ती वेगळा आकडा देऊ शकते. आणि दर सोमवारी यंत्राच्या संगणकाचं घड्याळ तपासायचं. वीज जाऊन-येऊन आतली बॅटरी संपली की ते घड्याळ मागे पडतं, मग फाइलवरची वेळ आणि वहीतली वेळ जुळत नाही आणि दोन्हींवरचा विश्वास उडतो.

टेबलावर मी अजूनही कागदच वापरते. हातमोजे घालून कीबोर्डला हात लावायला आमच्याकडे बंदी आहे.

---

औषधनिर्माण_क्यूए, मिरज

निवृत्त आहे. आयुष्य औषध कंपन्यांच्या क्वालिटी विभागात गेलं. आमच्याकडे या सगळ्याला 'अल्कोआ' म्हणतात. पाच कसोट्या: नोंद कुणाची ते कळलं पाहिजे, वाचता आली पाहिजे, काम होताना लिहिलेली पाहिजे, मूळ पाहिजे, अचूक पाहिजे. चाचणी प्रयोगशाळांच्या आयएसओ १७०२५ मध्येही, २०१७ च्या आवृत्तीत, हेच आहे. निरीक्षणं आणि गणितं केली त्याच वेळी नोंदवा, आणि दुरुस्ती केली तर जुनं-नवं दोन्ही, तारीख आणि करणारा माणूस टिकवा. शेतकऱ्याला सातबारा तसा लॅबला हा कागद. वाद झाला की तोच काढला जातो.

तपासनीस काय बघतात ते मुलांना कळावं म्हणून सांगतो. अतिशय स्वच्छ पान बघितलं की ते थांबतात. महिनाभर एकच पेन, एकच अक्षर, एकही खाडाखोड नाही, असं काम होत नसतं. मग ते तराजूची चिठ्ठी मागतात, रसायन स्टोअरमधून कधी काढलं ते रजिस्टर मागतात, माणूस त्या दिवशी हजर होता का ते बघतात. खरी नोंद चार ठिकाणी आपोआप जुळते. बनवलेली जुळवावी लागते आणि कुठेतरी सुटते.

आता साक्षीदाराच्या सहीबद्दल, म्हणजे पान वाचून दुसऱ्या माणसाने त्यावर करायच्या सहीबद्दल. धागाकर्तीने लिहिलंय की मुलं नियम पाठ करतात. ही सही मात्र डोळे मिटून होते. वाचल्याशिवाय करू नका. अमेरिकेत गॉर्डन गूल्ड नावाच्या विद्यार्थ्याने नोव्हेंबर १९५७ मध्ये वहीत एक कल्पना मांडली, तिला 'लेसर' हे नाव दिलं, आणि ती पानं एका मिठाईच्या दुकानदाराकडून, जो नोटरीही होता, नोटराइज करून घेतली. पेटंटसाठी आधी चालतं यंत्र लागतं असा समज झाल्यामुळे अर्ज केला १९५९ मध्ये. तोवर दुसऱ्यांचा अर्ज गेला होता. पुढे वर्षानुवर्षं खटले झाले. त्याला लेसरसंबंधीचं मोठं पेटंट मिळालं १९७७ मध्ये. वही नसती तर लढायलाही काही नव्हतं. आता अमेरिकेतही २०१३ च्या मार्चपासून आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क धरतात, आपल्याकडे तसंच आहे. म्हणून कल्पना नुसती वहीत ठेवून बसू नका, अर्जही वेळेत करा. पण कल्पना नक्की कुणाची, दोघांतल्या कुणाचं नाव अर्जावर हवं, हे आजही वहीवरूनच ठरतं.

---

तिसरंवर्ष_केमिस्ट्री, इस्लामपूर

अजून दोन प्रश्न. फसलेला प्रयोग किती लिहायचा? आणि वही कुणाची? प्रोजेक्ट संपल्यावर मी घरी नेऊ शकते का?

---

हळदगंध

वही संस्थेची. मूळ तिथेच राहते. तुझ्या मार्गदर्शकांची परवानगी घेऊन प्रत नेता येते. रुजू होतानाच हे विचारून घ्यावं.

फसलेला प्रयोग यशस्वी प्रयोगाइतकाच लिही, उलट थोडा जास्त. 'झालं नाही' एवढं पुरेसं नाही. काय दिसलं? रंग आला आणि गेला, की आलाच नाही? गाळ कोणत्या रंगाचा? किती वेळ वाट पाहिली? नंतर येणारा माणूस तेच परत करू नये यासाठी या ओळी लागतात, आणि कधीकधी तो तुझ्या फसलेल्या पानावरूनच पुढे जातो. निरीक्षण आणि अंदाज वेगळे ठेव. 'द्रावण गढूळ झालं' हे निरीक्षण. 'बहुतेक पाण्यात कॅल्शियम होतं' हा अंदाज, त्यापुढे 'अंदाज' असं लिही.

अनुक्रमणिकेबद्दल मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाचं उदाहरण मला फार आवडतं. १८३२ पासून त्याने वहीतल्या परिच्छेदांना ओळीने क्रमांक दिले, आणि ते १६,०४१ पर्यंत गेले. त्यामुळे कित्येक वर्षांपूर्वीच्या नोंदीचा हवाला त्याला एका आकड्याने देता यायचा. आपल्याला एवढं लागणार नाही, पण 'पान ४१ बघा' असं लिहायची सवय आजपासून लावता येते.

---

अजिंक्यतारा, सातारा

'कोयनाकाठ' हे नाव वाचून एक भर घालतो. १९६२ नंतर कोयनेच्या जलाशयात पाणी साठत गेलं तसे छोटे धक्के जाणवू लागले आणि परिसरात भूकंपमापक बसले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा भूकंप त्यानंतरचा. धरणाचं पाणी आणि भूकंप यांचा संबंध असू शकतो हे जगाने ज्या ठिकाणांवरून ओळखलं त्यात कोयना अगदी वरच्या क्रमांकावर आहे. ते शक्य झालं ते दोन वेगळ्या नोंदी शेजारी ठेवता आल्यामुळे: जलाशयाची रोजची पातळी आणि धक्क्यांच्या वेळा. पातळी लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला आपल्या आकड्याचा पुढे असा उपयोग होईल याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. तो रोज लिहीत गेला. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं खरोखर ऐकतात, कारण पाटण-कोयनानगरची मुलं वर्गात असतात आणि घरातल्या मोठ्यांनी तो भूकंप अनुभवलेला असतो.

पुढच्या सत्रापासून विभागातल्या सगळ्या बॅचना बांधीव, नंबर घातलेली वही द्यायचं आम्ही ठरवतोय. तयार वही महाग पडते. काही स्वस्त मार्ग?

---

गाळप_हंगाम, वाळवा तालुका

सर, बायंडरकडं जावा. हिशेबाचं फूलस्केप रजिस्टर घ्या, शिवलेलं, चिकटवलेलं नको. बायंडरकडं हाताचं नंबरिंग मशीन असतं, पानाच्या कोपऱ्यात नंबर मारून देतो. एकदम सगळ्या विभागाच्या वह्या दिल्या तर भाव बराच खाली येतो. पुठ्ठ्यावर रेक्झिन लावून घ्या, ॲसिडचा थेंब पडला तर आतपर्यंत जात नाही.

---

हळदगंध

आणि नंबर पानाच्या दोन्ही बाजूंना मारून घ्या, सर. एकाच बाजूला मारला तर 'पान ४७ च्या मागे' असं लिहावं लागतं आणि अनुक्रमणिकेत गोंधळ होतो. कागद जरा जाड बघा, म्हणजे मागच्या बाजूला उमटत नाही. पहिल्या पानावर वही कुणाची, कधी सुरू, कधी संपली, पुढची वही कोणत्या क्रमांकाची, एवढा चौकोन छापून घेतलात तर मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.